रामरावांचं बॅनर

राखीचा पुण्याला नंबर लागला, ही बातमी राखीला सगळ्यांत शेवटी कळली. ती जळगाव जामोदहून बसनं आली, गावाच्या फाट्यावर उतरली, आणि मान वर करते तर पानटपरीच्या डोक्यावर ती स्वतःच उभी. दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, दोन घट्ट वेण्या आणि चेहऱ्यावर गणिताच्या पेपरची भीती. शेजारी तिचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, रामराव उमाळे, फेटा बांधून, तिच्या दुप्पट आकाराचे. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की कु. राखी ज्ञानेश्वर उमाळे हिची पुणे येथील नामांकित कॉलेजमध्ये बी.एस्सी. नर्सिंगकरिता निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याखाली शुभेच्छुक म्हणून घरातल्या झाडून सगळ्यांची नावं होती आणि त्यात राखीचंही होतं. म्हणजे राखीनं राखीला शुभेच्छा दिल्या होत्या.

झालं होतं एवढंच, की रामरावांच्या सुलतानपूरला दिलेल्या धाकट्या बहिणीचा, पुष्पांजलीचा, फोन आला होता. तिच्या नणंदेचा दीर पुण्याच्या एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात होता. "दादा, तिथं एक जागा आहे म्हनते, पैसे भरले का आपली," असं ती म्हणाली. रामरावांनी 'जागा आहे' इथवर ऐकलं, फोन ठेवला आणि थेट फ्लेक्सवाल्याचं दुकान गाठलं. त्यांच्या मनात सकाळी आलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात होऊन गेलेली असायची. त्याच झपाट्यात त्यांनी शनिवारी शिवारातल्या मारोतीपाशी रोडग्यांचं जेवण ठरवलं, भावकीला आवतन धाडलं, आणि फी भरायला विहिरीजवळचं ओलिताचं वावर विकायचं म्हणून गिऱ्हाईकाला शब्दही देऊन टाकला.

बॅनर बघून ज्ञानेश्वरला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. राखीचा तो बाप, पण त्याआधी तो रामरावांचा धाकटा भाऊ होता. वडील गेले तेव्हा ज्ञानेश्वर सातवीत होता, रामरावांनी शाळा सोडली आणि नांगर धरला, आणि तेव्हापासून 'दादा म्हणतील ते' या तीन शब्दांवर ज्ञानेश्वरचा संसार चालला होता. त्याला त्याचं दुःख नव्हतं. दादांचं बहुतेक वेळा बरोबरच निघायचं.

या वेळी मात्र पंचाईत झाली होती. बॅनर लागून आठवडा होत नाही तोच राखी कापसाच्या वावरात आली होती, हातात मोबाईल घट्ट धरून, धापा टाकत. "बाबा, माहा नंबर लागला! बुलढान्याले, सरकारी नर्सिंगमधी, जीएनएमले! सोमवारी हजर व्हा लागते." ज्ञानेश्वरनं हातातला कापूस तसाच सोडून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता. आनंदानं त्याला काही सुचेना. मग फाट्यावरचं बॅनर आठवलं आणि हात तिथंच राहिला.

"मोठ्याबाबाले कोन सांगंल?" राखीनं विचारलं होतं.

"म्या सांगतो ना," ज्ञानेश्वर म्हणाला होता, आणि शनिवार उजाडला तरी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी उमाळ्यांचं अख्खं घर मारोतीजवळच्या चिंचेखाली उतरलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, तुरी फुलावर होत्या आणि उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. रोडगे करणं हे बाप्यांचं काम. जाड दळलेली कणीक तेल-मीठ-ओवा घालून घट्ट मळायची, तिचे पदर देऊन मुठीएवढे गोळे करायचे, गोवऱ्या जळून निखाऱ्यांची आर पडली की फुफाट्यात पुरायचे. बायकांकडे वांग्याची भाजी आणि वरण. उमाळ्यांच्या घरात यावर आणखी एक रीत होती. आर ज्याच्या ताब्यात, त्याला त्या दिवशी कुणी हुकूम करायचा नाही. रोडगे कधी पुरायचे, कधी काढायचे, हे तोच सांगणार. आजोबांच्या काळी कुणीतरी घाई करून कच्चे रोडगे काढायला लावले होते आणि सगळी भावकी दोन दिवस पोट धरून बसली होती, तेव्हापासूनची ही रीत. आर बरीच वर्षं ज्ञानेश्वरकडे होती. वर्षाचे बाकीचे दिवस त्याला कुणीही काहीही सांगावं आणि त्यानं करावं, पण रोडग्यांच्या दिवशी तो जरा ताठ चालायचा.

त्यानं गोवऱ्या गोल रचायला घेतल्या. राखी पाटी भरून आणखी गोवऱ्या घेऊन आली.

"बाबा, सांगतलं का?"

"सांगतो ना. आर लागू दे."

"परवा म्हनले कापूस घरी येऊ दे. काल म्हनले आत्या येऊ दे. आता आर लागू दे."

"तं लागू दे ना माय," ज्ञानेश्वर म्हणाला आणि काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली. "तू एक डाव मले नीट समजावून दे. दादानं काही इचारलं तं मले बोलता आलं पायजे."

राखी उकिडवी बसली. "हे पाहा. पुन्याचं चार वर्साचं. डिग्री भेटते, हाव. पन डिग्री भेटेपर्यंत विहिरीचं वावर जाते. बुलढान्याचं तीन वर्साचं. फी नावापुरती, होस्टेल सरकारी, अन् शिकताशिकताच मोठ्या दवाखान्यात डूटी. नोकरी लागली का पुढं दोन वर्सं शिकून डिग्री बी घेता येते. डिग्री कुठी पळून नाही जात बाबा."

"अन् थे दुसरं होतं ना, एएनएम? थे तं अजून लवकर होते म्हने."

"थे बी पाह्यलं. दोन वर्सांत होते, पन पुढं शिकाचं म्हटलं तं फेरा पडते. म्हनून म्या मधलं धरलं."

मधलं धरलं. ज्ञानेश्वरनं मान हलवली. पोरगी एवढा विचार करते आणि आपण दोन दिवस काडी ओढत बसलो, याची त्याला लाज वाटली. ही नर्स होणार हे त्याला केव्हाच कळलं होतं. करोनाच्या लशी आल्या तेव्हा ही शाळकरी पोर सिस्टरांच्या शेजारी बसून म्हाताऱ्यांना धीर द्यायची. रामराव तेव्हा सुई बघून उठून चालले होते. हिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मोठेबाबा, थे पाहा, तुमची म्हैस सुटली," आणि ते म्हैस शोधतात तोवर सिस्टरचं काम झालं होतं. ही गोष्ट रामरावच सगळ्यांना सांगायचे, हसून हसून सांगायचे. पोरीला नर्सिंगला घालायची पहिली हौस त्यांचीच होती. भांडण हौसेचं नव्हतंच, पुण्याचं होतं.

आर लागली. तिकडे चुलीजवळ त्या भांडणाची फोडणी पडली.

ज्ञानेश्वरची बायको सुचिता रामरावांशी सरळ बोलत नसे. थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. पण गप्प बसायचं असं माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे ती जे सांगायचं ते भांड्याकुंड्यांना सांगायची, आणि रामराव वीसेक वर्षं ते ऐकत आले होते.

"कोनाले इचारलं नाही, सवरलं नाही, पोरीले टांगून देल्लं फाट्यावर," सुचिता वरणाच्या गंजाला, त्या मोठ्या पातेल्याला म्हणाली. "फोटो बी कोनता, तं दहावीतला."

"मोबाईलमधी तोच होता," रामराव चिंचेच्या झाडाला म्हणाले.

"पुन्याले कोन हाये तिचं? आजारी पडली तं कोन पाहीन?"

"गोपाल हाये ना पुन्याले, तिचा भाऊ," रामरावांनी झाडाला आठवण करून दिली.

पुष्पांजली कोथिंबीर निवडत होती. तिला वाटलं आपण मध्ये पडलंच पाहिजे, कारण जागा तिनं आणली होती. "वहिनी, तुमी समजून घ्या. बीएस्सी म्हटलं का स्थळं बी चांगले येतात. साध्या नर्सले कोन इचारते?"

"पोट्टी नोकरी शोधाले चालली का नवरा?" सुचितानं गंजात पळी आपटली.

पुष्पांजली चिडली नाही. ती मनानं हलकी बाई, जिकडे चार माणसं असतील तिकडे तिचा जीव ओढायचा. तिनं आधारासाठी थोरल्या वहिनीकडे बघितलं. रुखमाबाई, म्हणजे रामरावांची बायको, वांगी चिरत होत्या. घरात त्या कमी बोलायच्या, कारण त्यांच्या वाटणीचं रामरावच बोलून टाकायचे.

"पुष्पे," रुखमाबाईंनी वांग्यातली अळी बघत विचारलं, "थे कॉलेज तू डोळ्यानं पाह्यलं का?"

"म्या नाही. माह्या नंदेचा दीर..."

"गोपालनं पाह्यलं," रामराव जोरात म्हणाले. "म्या त्याले मुद्दाम धाडलं होतं. गोपाल! इकडं ये, सांग यायले."

गोपाल कोपरापर्यंत कणीक माखून आला. रामरावांचा हा एकुलता एक मुलगा. पुण्यात डोनेशन भरून इंजिनीअर झाला होता, तिथंच एका कंपनीत लागला होता आणि पहाटेच ट्रॅव्हल्सनं उतरला होता. राखीवर त्याचा जीव होता. ती पुण्याला आली तर रविवारी घरचं कुणीतरी भेटेल, म्हणून तोही मनातून खूश होता.

"बिल्डिंग एक नंबर हाये," गोपाल म्हणाला. "लिफ्टमधी आरसा हाये."

"पाह्य!" रामरावांनी सगळ्यांकडे बघितलं.

"अन् गोपालदादा, दवाखाना?" राखीनं आरेजवळून विचारलं.

"हाये ना, बाजूलेच. एसी हाये. बसाले सोफे हायत."

"पेशंट?"

गोपाल थांबला. त्यानं नाक खाजवलं, नाकाला कणीक लागली. "सोफ्यावर कोनी दिसलं नाही," तो हळू म्हणाला. "पन म्या इतवारी गेलतो. इतवारची सुट्टी असंल."

"बिमारीले इतवार असते का रे?" रुखमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा वांगी चिरू लागल्या.

पुष्पांजलीला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. सुचितानं दाबलं नाही. गोपालच्या चेहऱ्यावर तर असं काही आलं, की जणू ते रिकामे सोफे त्याला आत्ताच दिसले.

"पेशंटशिवाय कोनाले पाहाचं मंग?" राखी म्हणाली. "सोफ्यायले सलाईन लावाचं का?"

रामरावांचा चेहरा उतरायला लागला होता, पण त्यांना हरण्याची सवय नव्हती. "थे काही नाही," ते म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक इसार देते अन् थो घेऊन पुष्पा पुन्याले जाते. गावभर झालं हाये. रामराव उमाळ्यानं बॅनर लावलं अन् उतरवलं, असं कोनी म्हनाले नोको."

आता सगळं स्पष्ट होतं. उद्या पैसे गेले की वावर गेलं, आणि सोमवारी बुलढाण्याची जागा दुसऱ्या कुणाची झाली. सुचितानं गंजावरून मान उचलून आरेकडे, नवऱ्याकडे बघितलं. ती बोलली असती तर ज्ञानेश्वरला बरं वाटलं असतं.

गोपाल रोडगे घेऊन आरेजवळ आला. दोघांनी मिळून ते फुफाट्यात पुरले, वरून निखारे ओढले.

"काका, तुमी बोला," गोपाल कुजबुजला. "म्या बोललो तं बाबा म्हनतील, सोताचं झालं अन् आता बहिनीले आडवा येते."

"तुले काय वाटते?"

"मले आजवर एकानं नाही इचारलं, कोन्या कॉलेजातून शिकला म्हनून. काम येते का, एवढंच इचारते सारे."

ज्ञानेश्वर उपड्या घमेल्यावर बसला. भावाला नाही म्हणायचं म्हणजे काय करायचं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. लहानपणापासून ज्या माणसानं आपल्याला पाठीवर घेतलं, त्याच्यासमोर उभं कसं राहायचं? आणि नाही राहिलं तर पोरीकडे उद्या कोणत्या तोंडानं बघायचं?

दुपार चढली. भावकी जमली, मारोतीला नारळ फोडला, पत्रावळी पडल्या. वरणाचा वास सुटला आणि गप्पा मारणारी माणसंसुद्धा गप्प होऊन आरेकडे बघू लागली. रामराव धोतराचा सोगा सावरत पंगतीच्या मधोमध उभे राहिले. जेवणाआधी चार शब्द बोलायचे हे त्यांनी चार दिवस घोकलं होतं.

"काढ रे ज्ञाना," ते म्हणाले.

"थांबा," ज्ञानेश्वर म्हणाला.

"कच्चे हायत का?"

"नाही. झालेत."

"मंग काढ ना."

"आर माह्याकडं हाये, दादा."

रामरावांना वाटलं गंमत आहे. ते हसले, पंगतही हसली. ज्ञानेश्वर हसला नाही. तो घमेल्यावरून उठला आणि एका दमात बोलून गेला, कारण मध्ये थांबला असता तर पुन्हा सुरुवात झाली नसती.

"राखीचा बुलढान्याले नंबर लागला हाये. सरकारी. सोमवारी तिले हजर व्हा लागते. तिले तिथंच जाचं हाये अन् मले बी तिले तिथंच धाडाचं हाये. पुन्याले नाही. वावर विकाचं नाही. हे ठरू द्या, मंग काढतो."

सुचिता पळी हातात धरून उभी होती, तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तिला पत्ता नव्हता.

"अबे, रोडगे जळतीन ना!" रामराव म्हणाले.

"जळू द्या."

"लोक बसले हायत!"

"बसू द्या."

"आमाले भूक लागली हाये बाप्पा," पंगतीतून कुणीतरी दीनवाण्या आवाजात म्हणालं. कुणी त्याला चूप केलं.

रामरावांचा चेहरा लाल झाला. ते पंगत ओलांडून तरातरा आले. ज्ञानेश्वरला वाटलं आता मुस्काटात बसते, आणि त्यानं ठरवलं की बसली तरी हलायचं नाही. पण रामराव त्याच्यासमोर येऊन खाली बसले, उकिडवे, लहानपणी दोघं गोट्या खेळायला बसायचे तसे. ज्ञानेश्वरही आपोआप खाली बसला.

"ज्ञाना," रामराव हळू आवाजात म्हणाले, "माह्या पोराले म्या पुन्याले शिकवलं. तुह्या हिश्शाचा कापूस बी त्याच्यातच गेला. तू एक शब्द बोलला नाही. आता तुह्या पोरीची पाळी आली अन् म्या तिले जवळच्या जवळ ठेवू? लोक म्हनतीन, पोराले पुनं अन् भावाच्या पोरीले बुलढानं. माय-बाप वरतून पाहून राह्यले आसतीन. त्यायले काय सांगू म्या?"

ज्ञानेश्वर भावाकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, बॅनर ही दादांची मिरवायची हौस. ती होतीच, फेट्यासकट होती. पण खाली हे होतं, आणि इतक्या वर्षांत ते त्याला दिसलं नव्हतं. त्याचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. नेमकी तिथंच अडचण झाली, कारण रागाच्या भरात नाही म्हणणं जमलं होतं आणि आता समोर एवढं प्रेम घेऊन बसलेल्या माणसाला पुन्हा तेच म्हणायचं होतं. फुफाट्यातून करपल्याचा वास यायला लागला.

"तरी बी नाही, दादा," तो म्हणाला. "तुमची नियत समजली मले. पन नाही."

राखी कधी येऊन दोघांच्या मध्ये बसली, ते कळलं नाही.

"मोठेबाबा, गोपालदादाची अन् माही बरोबरी कायले करता? त्याले मशिना पायजे होत्या, मले पेशंट पायजे. बुलढान्याले लय हायत. पहिल्या वर्सापासून हात बसंल माहा. अन् विहिरीचं वावर राह्यलं तं सुट्टीत हरभरा खाले कुठी येईन म्या?"

रामराव जमिनीकडे बघत होते. "बुलढानं म्हंजे लय जवळ होते," ते पुटपुटले.

"बरं तं हाये. तुमाले बीपी तपासाले माह्याकडंच येता येईन."

"अन् इंजेक्शन?"

"थे बी म्याच देईन."

"मंग म्या येत नाही," रामराव म्हणाले, आणि राखी फसकन हसली, आणि तिच्या हसण्यानं त्यांच्याही मिशा हलल्या. पंगतीला काय झालं ते कळलं नव्हतं, पण मिशा हलल्या म्हणजे जेवण जवळ आलं एवढं कळलं.

"बॅनरचं काय कराचं पन?" रामरावांनी विचारलं. हे त्यांनी खरंच विचारलं. या एका जागी त्यांना अजून दुखत होतं.

"वावर विकाच्या परीस बॅनर बदलनं सोपं हाये," रुखमाबाई भाजीच्या गंजाजवळून म्हणाल्या.

"दुसरं करा भाऊजी," सुचिता म्हणाली. "या डाव फोटो म्या देते. हसता."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती गंजाशी बोलली नव्हती. रामरावांनीही झाडाकडे न बघता तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाव, द्या."

पुष्पांजलीनं तेवढ्यात बाजू बदलून घेतली. "म्या तं पहिलेच म्हनत होती, सरकारी थे सरकारी," ती शेजारच्या बाईला सांगत होती. "नंदेच्या दिराले आताच फोन करून देते."

"मंग हाव का, दादा?" ज्ञानेश्वरनं विचारलं.

"हाव! हाव म्हनतो ना बे! काढ आता, जळून राह्यले!"

ज्ञानेश्वरनं आर फोडली. गोपाल गोणपाट घेऊन धावला, दोघं भराभर रोडगे काढून राख झटकू लागले. एका अंगानं सगळे काळे पडले होते. रामराव तोवर पंगतीत परत पोचले होते, सोगा सावरला होता, छाती पुढे आली होती.

"मंडळी!" ते गरजले. "आमच्या राखीचा दोन जागी नंबर लागला. पुन्याले बी अन् बुलढान्याले बी. म्या ठरवलं हाये, का आपली पोट्टी आपल्याच जिल्ह्यात, सरकारी दवाखान्यात शिकंल. पुन्याचा नंबर आमी सोडला!"

पंगतीनं टाळ्या वाजवल्या. भूक लागली होती म्हणून जरा जोरातच वाजवल्या. सुचितानं कपाळाला हात लावला आणि हसू लागली. ज्ञानेश्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर केव्हाच सरला होता, त्याला रडू आलं होतं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

रोडग्यांची काळी बाजू खरवडून लोकांनी तूप ओतून घेतलं आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्तच खाल्ले. रामरावांनी वाढता वाढताच वावराच्या गिऱ्हाईकाला फोन लावला आणि आपला विचार बदलल्याचं अशा थाटात सांगितलं, की त्या बिचाऱ्यानंच माफी मागितली.

शेवटच्या पंगतीला दोघं भाऊ जेवायला बसले. इतर सगळे आवराआवरीत होते, राखी आणि गोपाल होस्टेलला काय काय न्यायचं यावर भांडत होते. रामरावांनी रोडगा फोडला, त्यात वरण ओतलं, आणि बराच वेळ तो नुसता कालवत राहिले.

"ज्ञाना, इतकी वर्सं झाली, एका घरात राह्यलो आपन," ते म्हणाले. "तू मले कधी 'नाही' नाही म्हनला. काऊन?"

ज्ञानेश्वरनं विचार केला. त्याला भावाला टोचायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं, आज तर नाहीच.

"तुमी इचारलं कुठी दादा? तुमी सांगतलं."

रामरावांचा हात थांबला. ज्ञानेश्वरला वाटलं आपण जास्त बोललो, आणि तो घाईघाईनं त्यांच्या पत्रावळीत तूप वाढायला वळला. रामरावांनी त्याचं मनगट धरलं.

"मंग आता इचारतो," ते म्हणाले. फेटा बांधून गावभर गरजणारा हा माणूस चाचरत होता. "सोमवारी पोट्टीले बुलढान्याले पोचवाले म्या येऊ का तुमच्यासंगं?"

ज्ञानेश्वरचा जीव गलबलला. 'या ना दादा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यानं ते तिथंच धरून ठेवले.

"थांबा," तो उठत म्हणाला, "राखीले इचारून येतो."